३४ मिनिटांचा टी१-टी२ स्कॅन ९ मिनिटांत: वेळ कुठून काढायचा आणि कुठून नाही

प्रश्न असा आला आहे: ‘३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या शक्तीचं माप) एमआरआय मशीनवर मेंदूच्या एका स्लाइसचा (पातळ छेदाचा) टी१ आणि टी२ मोजतो. टी१साठी इन्व्हर्जन रिकव्हरी: आठ टीआय, टीआर ५ सेकंद, टर्बो फॅक्टर ८. टी२साठी ३२ इकोंचा मल्टी-इको स्पिन इको, टीआर ३ सेकंद. दोन्हींत मॅट्रिक्स २५६. सगळं मिळून ३४ मिनिटं जातात आणि वयस्कर रुग्ण तेवढा वेळ डोकं स्थिर ठेवू शकत नाहीत. १० मिनिटांच्या आत आणायचं आहे. फिंगरप्रिंटिंग घ्यावं, की एआय रिकन्स्ट्रक्शन?’

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तुमच्याच दोन सिक्वेन्समध्ये (स्कॅनच्या आखण्यांमध्ये) २५ मिनिटं अडकून पडली आहेत, ती आधी सोडवू.

नवख्यांसाठी शब्द आधी. चुंबकन म्हणजे ऊतीतल्या प्रोटॉनांचं एकत्रित चुंबकत्व. पल्सने ते हलवल्यावर मूळ स्थितीत सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप टी१, आणि त्याचा सिग्नल विरायला लागणाऱ्या वेळेचं माप टी२. इन्व्हर्जन रिकव्हरीत चुंबकन पल्सने उलटं करतात आणि टीआयएवढं थांबून वाचतात. टीआर म्हणजे एका फेरीचा पूर्ण वेळ. मॅट्रिक्स २५६ म्हणजे प्रतिमेसाठी २५६ ओळी वाचायच्या, टर्बो फॅक्टर म्हणजे एका फेरीत त्यातल्या किती. स्पिन इको म्हणजे विखुरलेला सिग्नल पल्सने पुन्हा जुळवून मिळवलेला प्रतिध्वनी. फिंगरप्रिंटिंग आणि एआय काय ते पुढे येईलच.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. रोजच्या निदानाच्या स्कॅनमध्ये वेळ कापला तर त्याची किंमत डोळ्यांना दिसते. चित्र दाणेदार होतं, कडा धूसर होतात, रेडिओलॉजिस्ट लगेच तक्रार करतात. मोजमापाच्या स्कॅनमध्ये तसं होत नाही. नकाशा (प्रत्येक बिंदूचा टी१ किंवा टी२ रंगात दाखवणारं चित्र) सुबक येतो, रंग छान दिसतात आणि पांढऱ्या द्रव्याचा (मेंदूतल्या चेतातंतूंच्या भागाचा) टी१ सरसकट १५ टक्के कमी आलेला असतो. चित्र पाहून ते कोणालाही कळणार नाही. म्हणून वेळ वाचवण्याच्या प्रत्येक युक्तीला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यामुळे आकड्यातली अनिश्चितता वाढते, की आकडाच एका बाजूला सरकतो? अनिश्चितता वाढली तर जास्त रुग्ण घेऊन सावरता येते. सरकलेला आकडा हजार रुग्ण घेतले तरी सरकलेलाच राहतो.

आता तुमचा हिशेब. टी१मध्ये २५६ ओळी, एका फेरीत ८, म्हणजे ३२ फेऱ्या. प्रत्येक फेरी ५ सेकंदांची, म्हणजे एका टीआयला १६० सेकंद आणि आठ टीआयना २१ मिनिटं २० सेकंद. टी२मध्ये २५६ ओळी गुणिले ३ सेकंद, म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद. सर्वांत मोठा चोर पहिल्या रकमेत आहे: टीआर ५ सेकंद.

हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मीही तोच शिकलो. ‘टीआर हा टी१च्या पाचपट हवा, म्हणजे चुंबकन पूर्ण सावरतं.’ पण तुमच्या ५ सेकंदांनी हा नियम पाळला जातो का? ३ टेस्लाला पांढऱ्या द्रव्याचा टी१ साधारण ०.८५ सेकंद धरा. त्याची पाचपट ४.२५, इथे जमलं. करड्या द्रव्याचा (चेतापेशींच्या भागाचा) १.३ सेकंद किंवा थोडा अधिक. पाचपट साडेसहा, इथे चुकलं. मेंदूभोवतालच्या पाण्याचा टी१ ४ सेकंदांच्या आसपास. त्याला २० सेकंद लागतील. म्हणजे तुम्ही वेळेची पूर्ण किंमत मोजता आहात आणि ज्यासाठी मोजता ती अटही पाळली जात नाही.

सुटका समीकरणात आहे. पूर्ण सावरण्याची अट फक्त ‘एक वजा दोन गुणिले घातांकी पद’ या पाठ्यपुस्तकी सूत्राला लागते. त्याऐवजी सिग्नल म्हणजे ‘अ अधिक ब गुणिले घातांकी पद’ असं मांडलं आणि अ, ब, टी१ हे तिन्ही अज्ञात म्हणून सोडवले, तर टीआर कितीही असला तरी सूत्र खरं राहतं. अट एकच: सगळ्या टीआयना टीआर तोच हवा. कारण सोपं आहे. वाचन संपतं तेव्हा उभं (मुख्य चुंबकाच्या दिशेचं) चुंबकन शून्याजवळ असतं. तिथून पुढच्या इन्व्हर्जनपर्यंत ते अर्धवट सावरतं. टीआर स्थिर असेल तर या अर्धवटपणाचा सगळा परिणाम अ या स्थिरांकात जाऊन बसतो. वक्र वर सरकतो, त्याचा आकार बदलत नाही, आणि टी१ तर आकारात असतो. इन्व्हर्जन पल्स नेमका १८० अंशांचा नसेल तर तो दोषही मुख्यतः ब शोषून घेतो. २०१०मध्ये जोएल बराल, निकोला स्टिकॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. त्यांचे टीआय चारच होते: ५०, ४००, ११०० आणि २५०० मिलिसेकंद. टीआर २.५५ सेकंद.

आठाऐवजी चार बिंदू पुरतात का? अज्ञात तीन आहेत, तेव्हा चार पुरतात, पण जागा बघून ठेवलेले हवेत. घातांकी वक्र टी१मधल्या बदलाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो तो टीआय बरोबर टी१एवढा असताना. म्हणून मधले दोन बिंदू ऊतींच्या अपेक्षित टी१च्या अलीकडे-पलीकडे ठेवायचे, आणि एक-एक दोन्ही टोकांना, म्हणजे अ आणि ब पक्के बांधले जातात. याचा काटेकोर हिशेब ज्या नियमाने करतात तो क्रामर-राव सीमेचा. त्यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव, १९४५ साली कलकत्त्याच्या गणित सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला. मिळालेल्या मोजमापांतून जास्तीत जास्त किती अचूकता पिळून काढता येईल हे ती सीमा सांगते. आज जगभर नवे सिक्वेन्स आखताना स्कॅनरला हात लावण्याआधी हाच हिशेब मांडतात. तुम्हीही मांडा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुमचं वाचन टर्बो आहे. शेवटच्या टीआयनंतर आठ इकोंना ८०-९० मिलिसेकंद लागतील, म्हणून टीआर २.५५ पुरणार नाही, २.७ ठेवा. आता ३२ फेऱ्या गुणिले २.७ गुणिले ४, म्हणजे ५ मिनिटं ४६ सेकंद. २१ मिनिटांवरून इथवर आलो, कॉइल (डोक्याभोवतीचा सिग्नल पकडणारा अँटेना) तीच, सॉफ्टवेअर तेच. पाण्याच्या टी१चा आकडा मात्र यातून छापू नका; २.५ सेकंदांपर्यंतच्या बिंदूंवरून ४ सेकंदांचा वक्र पक्का ठरत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: बऱ्याच कन्सोलवर टीआय बदलला की टीआर आपोआप बदलतो. प्रत्येक सिक्वेन्स उघडून टीआर डोळ्यांनी वाचा. दुसरा खड्डा मला महाग पडला. प्रत्येक टीआयच्या आधी मशीन स्वतःहून प्रीस्कॅन (आधीची चाचणी) करून रिसीव्हर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) नव्याने ठरवत होतं, आणि ५० मिलिसेकंदांची प्रतिमा एका पट्टीवर तर ११०० ची दुसऱ्याच पट्टीवर येत होती. वक्र बसत होता, नकाशे दिसायला ठीक होते. एका निवासी डॉक्टरने बिंदू आणि वक्र यांतलं अंतर काढून दाखवलं तेव्हा ते ध्यानात आलं. तीन आठवड्यांचा डेटा बाद करावा लागला आणि त्या रुग्णांना पुन्हा बोलावताना फार वाईट वाटलं. पहिल्या टीआयला प्रीस्कॅन करा, पुढच्या तिन्हींना तेच मूल्य कुलूपबंद करा. शिवाय फेज प्रतिमाही (सिग्नलची दिशा दाखवणारी) साठवा. त्याला जादा वेळ लागत नाही आणि शून्याच्या अलीकडचा सिग्नल ऋण होता की धन हा अंदाज बांधावा लागत नाही.

पुढची बचत भूमितीची. आडव्या छेदात डोकं पुढून मागे लांब आणि डावीकडून उजवीकडे अरुंद असतं. फेज एन्कोडिंग (ओळी एकेक करून ज्या दिशेत मोजतात ती) डावी-उजवी ठेवा आणि त्या दिशेचं क्षेत्र ७५ टक्के करा. ओळी २५६ वरून १९२. पिक्सेल तेवढाच राहतो, आकडा सरकत नाही, सिग्नल-नॉइज गुणोत्तर मूळच्या ८७ टक्के होतं. कान घडी होऊन आत येत नाहीत ना, तेवढं लोकलायझरवर (सुरुवातीच्या जागा ठरवण्याच्या झटपट स्कॅनवर) बघा. टी१च्या फेऱ्या २४ झाल्या: २४ गुणिले २.७ गुणिले ४, म्हणजे ४ मिनिटं १९ सेकंद.

टर्बो फॅक्टर १६ करून हेही अर्धं करावं असा मोह होईल. करू नका. लांब इकोमालिकेत टी२चा क्षय ओळींवर पसरतो, त्याने लहान रचना धूसर होतात, आणि कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) २-३ मिलिमीटर पट्टीत शेजारचं पाणी मिसळून तिचा टी१ वाढलेला दिसतो. ही सरकणाऱ्या आकड्याची किंमत आहे.

टी२कडे वळू. इथे इकोंची संख्या कमी करून वेळ वाचेल असं अनेकांना वाटतं. एका स्लाइसला तसं होत नाही. ३२ इको १० मिलिसेकंदांच्या अंतराने घेतले तरी ३२० मिलिसेकंदांत संपतात, आणि उरलेला टीआर मशीन नुसतं थांबून असतं. वेळ ठरवतात ओळी आणि टीआर. टीआर ३ वरून २.५ करायला हरकत नाही: टी१मुळे होणारी घट सगळ्या इकोंना जवळपास सारखीच लागू होते, आणि टी२ आपण इकोंच्या परस्पर प्रमाणातून काढतो. त्या रिकाम्या वेळेत आणखी पाच-सहा स्लाइस याच वेळेत बसतात, मशीनची उष्णतेची मर्यादा परवानगी देत असेल तर. दोन स्लाइसमध्ये एका स्लाइसएवढं अंतर सोडा, नाहीतर शेजारचे पल्स एकमेकांत घुसतात.

ओळींसाठी इथे समांतर इमेजिंग वापरा. कॉइलचा प्रत्येक घटक डोक्याचा आपल्या जवळचा भाग जास्त ठळक ‘ऐकतो’. त्या फरकातून न घेतलेल्या ओळी भरून काढता येतात. १९९९मध्ये झुरिकच्या प्रुसमन आणि सहकाऱ्यांचं सेन्स हे तंत्र आलं, २००२मध्ये मार्क ग्रिसवोल्ड आणि सहकाऱ्यांचं ग्रॅपा. ग्रॅपा २ पट (एकाआड एक ओळ), मधल्या २४ संदर्भ ओळी सलग, त्यातल्या निम्म्या आधीच घेतलेल्या: ९६ अधिक १२, म्हणजे १०८ ओळी, गुणिले २.५ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं ३० सेकंद. दोन्ही मिळून ८ मिनिटं ४९ सेकंद. तुमची १० मिनिटांची मर्यादा इथेच पाळली गेली.

ग्रॅपाची किंमत नॉइजमध्ये आहे. निम्म्या ओळी घेतल्या म्हणून सिग्नल-नॉइज १.४ पट घसरतं, वर कॉइलच्या भूमितीची थोडी घट. एरवी हे चाललं असतं, पण टी२मध्ये याला एक काटा आहे. मॅग्निट्यूड प्रतिमेत (जी सिग्नलची फक्त ताकद दाखवते) नॉइज शून्याखाली जात नाही. टी२ ८० मिलिसेकंद असेल तर ३२०व्या मिलिसेकंदाला जेमतेम २ टक्के सिग्नल उरतो. तिथे वक्र नॉइजच्या तळावर आडवा पडतो आणि साधा घातांक बसवला की टी२ लांबतो. म्हणजे अनिश्चिततेची किंमत गुपचूप सरकलेल्या आकड्यात बदलली. उपाय: हवेतल्या भागात नॉइजची पातळी मोजा आणि तिच्याजवळ पोचलेले इको फिटिंगमधून वगळा, किंवा नॉइजचं खरं वितरण धरून फिट करा.

दुसरा काटा तुमच्या जुन्या, १२ मिनिटांच्या सिक्वेन्समध्येही होताच. स्लाइसच्या कडांना रिफोकसिंग पल्स (इको पुन्हा जुळवणारा) १८० अंशांचा नसतो. म्हणून काही चुंबकन उभं साठवलं जातं आणि नंतरच्या इकोंत परत येतं. ओळखायची खूण: पहिला इको दुसऱ्यापेक्षा कमी दिसतो किंवा सुरुवातीचे इको वर-खाली होतात. साध्या घातांकाने असा टी२ खऱ्यापेक्षा जास्त येतो. पहिला इको टाकून दिला तर थोडं सुधारतं. खरा उपाय म्हणजे फ्रायबुर्गच्या युर्गन हेनिग यांनी विकसित केलेल्या एक्स्टेंडेड फेज ग्राफने (प्रत्येक पल्सनंतर चुंबकन कुठे गेलं याचा हिशेब ठेवणाऱ्या रीतीने) इकोंची नक्कल करून त्या नकलांच्या कोशाशी मोजमाप जुळवणं. हे सगळं संगणकावर होतं, रुग्णाचं एक सेकंदही जात नाही.

फिंगरप्रिंटिंग मला मनापासून आवडतं, त्यामुळे त्याबद्दल घाईने नाही म्हणत नाही. २०१३मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व विद्यापीठातून डॅन मा, ग्रिसवोल्ड आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं; ग्रॅपावाले तेच ग्रिसवोल्ड. फ्लिप अँगल (पल्स चुंबकन किती अंश कलवतो तो कोन) आणि टीआर प्रत्येक क्षणी बदलत ठेवायचे, हजार फ्रेम घ्यायच्या, एकेक फ्रेम इतक्या कमी डेटावरची की बघितली तर नुसता कचरा. पण प्रत्येक ऊतीच्या सिग्नलचा चढउतार वेगळा आणि कचऱ्याचा त्याच्याशी ताळमेळ नाही, त्यामुळे आधीच गणून ठेवलेल्या कोशातली सर्वांत जवळची नोंद शोधली की टी१ आणि टी२ एकदम मिळतात. एका स्लाइसला १२.३ सेकंद. मी तो निबंध एका बैठकीत वाचला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. अडचण अशी की त्याला बहुधा स्पायरल (ओळींऐवजी सर्पिल मार्गाचं) वाचन लागतं, त्या स्पायरलची मार्गदुरुस्ती लागते, कोशात स्लाइसचा आकार आणि आरएफ (पल्सच्या रेडिओलहरींच्या) क्षेत्राची विषमता धरावी लागते. तुमच्या उत्पादकाने ते तयार स्वरूपात दिलं नसेल तर एक वर्ष त्यातच जाईल. वर त्याचा टी२ स्पिन इकोपेक्षा अनेकदा कमी येतो, म्हणजे तुमच्या आधीच्या रुग्णांशी तुलना करता येणार नाही.

संपूर्ण मेंदू हवा असेल तर चित्र बदलतं. तेव्हा द्विमितीय इन्व्हर्जन रिकव्हरी सोडावीच लागते. बहुतेक जण व्हेरिएबल फ्लिप अँगलकडे जातात, कारण वेगवेगळ्या कोनांचे दोन छोटे त्रिमितीय स्कॅन आणि काम झालं. त्याआधी हा हिशेब करा: त्या पद्धतीत मिळणारा टी१ खऱ्या कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात चुकतो. कन्सोलवर २० अंश लिहिले आणि ऊतीला १८च मिळाले, तर ०.९ चा वर्ग ०.८१; टी१ १९ टक्के कमी. ३ टेस्लाला डोक्याच्या मध्यभागी कोन जास्त आणि कडेला कमी मिळणं हे नेहमीचंच आहे. म्हणून बी१ नकाशाशिवाय (कुठे खरा कोन किती मिळाला ते दाखवणाऱ्या स्कॅनशिवाय) ही पद्धत वापरू नका. त्याची दोन मिनिटं ‘वाचवणं’ ही सर्वांत महाग बचत. २०१५मध्ये स्टिकॉव्ह आणि सहकाऱ्यांनी तीन पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. ३ टेस्लाला निरोगी पांढऱ्या द्रव्याचा टी१ प्रकाशित साहित्यात ६९० पासून ११०० मिलिसेकंदांपर्यंत पसरलेला आहे, असं त्यांनी नोंदवलं. ऊती त्याच आणि मशीनची शक्तीही तीच. अभ्यासाच्या मध्यावर पद्धत बदलू नका असं मी इतक्या कळकळीने सांगतो ते यासाठी.

एआय रिकन्स्ट्रक्शनबद्दल. विरळ ओळींवरून चित्र उभं करण्याची वाट २००७मध्ये मायकेल लस्टिग यांच्या कॉम्प्रेस्ड सेन्सिंगने दाखवली. मोजमापासाठी त्यातली सर्वांत कामाची कल्पना म्हणजे इकोंच्या दिशेतली पुनरुक्ती: ३२ इकोंचे सगळे शक्य वक्र तीन-चार पायाभूत वक्रांच्या बेरजेत मावतात, म्हणून ३२ प्रतिमांऐवजी तीन-चारच सोडवायच्या. यात भौतिकी आहे, म्हणून मला भरवसा वाटतो. एआयच्या प्रशिक्षित जाळ्यांचं तसं नाही. शंभर निरोगी मेंदू पाहिलेलं जाळं दाणे पुसतं, आणि पुसताना शंका असेल तिथे आपल्या ओळखीच्या आकड्याकडे झुकतं. तुम्ही शोधता आहात तो ५ टक्क्यांचा बदल नेमका त्या शंकेच्या जागी असतो. शिवाय नॉइज गुळगुळीत झाल्यामुळे फिटिंगची चूकपट्टी लहान दिसते आणि चुकीचा आकडा जास्त खात्रीचा वाटतो. चित्र पाहायचं असेल तर जरूर वापरा. टी१-टी२साठी वापरायचं तर तुमच्या रुग्णांसारख्याच रुग्णांवर, पूर्ण डेटाशी तुलना करून.

वेळ वाचवणं नेहमी मिनिटांतच नसतं, याचं एक उदाहरण देतो. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि लोह हृदयात-यकृतात साचतं. मुंबई-उल्हासनगर पट्ट्यात, विशेषतः सिंधी आणि कच्छी कुटुंबांत, अशी मुलं आपण पाहतोच. लंडनच्या अँडरसन, पेनेल आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये हृदयाच्या टी२-स्टारची (क्षेत्रातल्या विषमतेसकट मोजलेल्या टी२ची; लोह वाढलं की तो घटतो) २० मिलिसेकंदांची सीमा रूढ केली. १० च्या खाली धोका गंभीर. इथे घड्याळ एका श्वासाचं असतं. मूल तेवढा श्वास धरू शकत नाही म्हणून कुठेतरी काटावं लागतं, तेव्हा मॅट्रिक्स कमी करा, ओळी कमी करा, पण पहिला इको उशिरा नेऊ नका. लोहाने भरलेल्या यकृताचा टी२-स्टार १ मिलिसेकंदापर्यंत खाली जातो. पहिला इको ४ मिलिसेकंदांवर असेल तर तिथे २ टक्के सिग्नलच शिल्लक. मशीन नॉइजचं फिटिंग करेल, लोह खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवेल, आणि त्या आकड्यावर औषधाचा डोस ठरेल.

तर तुमच्याकडे आता करायचं ते असं. आधी फँटम, म्हणजे ठाऊक टी१-टी२चा चाचणी-नमुना. तयार प्रमाणित फँटम परवडत नसेल तर अॅगर आणि निकेल क्लोराइडच्या सहा-सात नळ्या बनवा: अॅगर टी२ ठरवतं, निकेल टी१. मेंदूच्या पट्ट्यातले आकडे येतील असं प्रमाण ठेवा. नळ्या आदल्या रात्री स्कॅनरच्या खोलीत ठेवा आणि तापमान लिहून ठेवा. बाहेरच्या एप्रिलमधून आणलेली नळी थंड होत असताना तिचा टी१ सरकत राहतो. जुना ३४ मिनिटांचा प्रोटोकॉल, नवा ८ मिनिटं ४९ सेकंदांचा, आणि संदर्भ म्हणून एका रात्री खूप लांब टीआरचा, एका फेरीत एकच ओळ घेणारा स्पिन इको, तिन्ही लावा.

मग पाच निरोगी माणसं. प्रत्येकाचा जुना आणि नवा स्कॅन एकाच दिवशी, आणि नवा दोनदा: मध्ये माणसाला टेबलावरून उठवून, चार पावलं चालवून, पुन्हा झोपवून. न उठवता घेतलेला दुसरा स्कॅन पुनरावृत्ती फार चांगली दाखवतो, कारण डोकं आणि कॉइल जागचे हललेलेच नसतात. त्या दोन नव्या आकड्यांतला फरक तुम्ही रुग्णांत शोधत असलेल्या बदलाच्या निम्म्याहून जास्त आला, तर ८ मिनिटं ४९ सेकंद कमी पडतात. तेव्हा उरलेल्या ७१ सेकंदांत ११०० मिलिसेकंदांचा टीआय आणखी एकदा घ्या. त्याला ६५ सेकंद लागतात.